अष्टमीचं पाणी

हेमू,
तू दोनच शब्द पाठवलेस: गोळ्या मिळतील?
पुढे काही नाही.
एरवी गुड मॉर्निंगला दहा फुलं पाठवणारी तू.

मी कोळंबी सोलत होते.
कोण, कुठला, हे मनात आलंच नाही
असं खोटं सांगणार नाही. आलं. गिळलं.
विचारते ते एवढंच: पाळी कधी आली होती?
तारीख आठवत नसेल तर पाणी आठव.

परकार डॉक्टरणीने विचारलं तेव्हा
मीही अडखळले होते.
मग म्हटलं, अवसेचं उधाण होतं,
पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं,
माझ्या ओटीपोटात कळ
आणि हे डिझेल भरून निघाले होते.
तिने कॅलेंडरची पानं मागे टाकली, बोटाने मोजलं:
सात आठवडे, दोन दिवस.
"नऊच्या आत आहे. पण आधी बघू, गर्भ आहे कुठे."

कुठे म्हणजे?
तो नळीतही अडकतो, हेमू,
पिशवीपर्यंत पोचतच नाही.
तिथे या गोळ्या काही करत नाहीत,
आणि नळी फुटली तर बाई जाते.
म्हणून कुणाच्या मेडिकलवाल्या भाच्याने
वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेलं पाकीट नको.
आधी सोनोग्राफी. रक्तगट. अंगात रक्त किती.
माझं नऊ निघालं, तर तिने भुवई उचलली,
दमा विचारला, चालू औषधं विचारली,
तांबी बसवलीय का, तेही.

सही माझी. एकटीची.
पेन हातात धरून मी म्हटलं, "आणि ह्यांची?"
हे तेव्हा वेंगुर्ल्याच्या खाली कुठेतरी, रेंजच्या बाहेर.
ती म्हणाली, "एकतीस वर्षांच्या ना तुम्ही?"
तू बावीसची आहेस.
लग्नाचा रकाना कोरा असला तरी
कायदा तुला अडवत नाही.

मग तिने सासूबाईंना बाहेर बसवलं,
दार लावलं, आणि विचारलं,
"तुम्हालाच नकोय ना? की कुणाला तरी नकोय?"

मला लगेच बोलता आलं नाही.
अष्टमीला भांगाचं पाणी असतं ना खाडीत,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
होडी दोरीला ताण न देता नुसती उभी,
तशी मी. वर पंखा कुरकुरत होता.
तिने घड्याळ पाहिलं नाही.
हो म्हणाले तेव्हा आवाज माझाच होता.

"राहता कुठे?" "तवसाळ."
"रात्री फेरीबोट?" "नसते."
"मग रत्नागिरीत कोण आहे?"
हेमू, मला वाटायचं औषध म्हणजे पोटाचा प्रश्न.
तिला खाडीची रुंदी मोजायची होती.

मावशीकडे राहिले.
पहिली गोळी तिच्यासमोर. काहीच झालं नाही.
दोन दिवसांनी उरलेल्या, गालात धरून,
खडू चघळल्यासारख्या.
मग थंडी, जुलाब, आणि कळा,
बाळंतपणाच्या नव्हेत, पण त्यांच्या जातीच्या.
मावशीने भिंतीवर कोळशाने घड्या मांडल्या:
तासाला दोन, आणि असे दोन तास,
म्हणजे रिक्षा बोलवायची, थांबायचं नाही.
तेवढ्यावर गेलं नाही. जाऊ शकलं असतं.
ताप टिकला तरी जायचं, घाण वास आला तरी.

रडू आलं का?
आलं. नंतर सपाटून भूक लागली.
पेज आणि भाजलेलं सुकट खाल्लं
आणि दुपारभर झोपले.
पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी.
सुटलो असं वाटणं आणि सुटणं
यात फरक असतो, तो तिला बघायचा होता.

अधूनमधून अजून मोजते.
कुणाला सांगत नाही. तुला सांगितलं.

शनिवारी ये. पहिल्या फेरीला धक्क्यावर उभी असेन.
आधार कार्ड आण, एक जुना परकर आण,
काही खाऊन ये.
ठरलं नसेल तरी ये.
परतीचं तिकीट
तू म्हणशील तेव्हाच काढू.